आटपाट नगर आणि बारा मावळ

आटपाट नगर होते, तिथे एक राजा होता. आजीच्या कहाण्या अशा सुरू होत. त्या नगराच्या चतुःसीमा कोणत्या, असा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच कधी पडला नाही. उत्तरेला कोण राहतो, दक्षिणेची वाट कुणाच्या मुलखातून जाते, मीठ कुठून येते, सारा किती आणि तो भरतो कोण, याची कहाणीला गरज नसते. म्हणूनच ती साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होऊ शकते.

वय वाढते तशी कहाणी बदलते, पण आटपाट नगर सुटत नाही. आता त्याला तट येतो आणि तटाबाहेर शत्रू येतात. १९५९ साली गॉसिनी आणि युडेर्झो या जोडीने फ्रेंच चित्रकथेत ॲस्टेरिक्सचे गाव वसवले. चहूकडे रोमन छावण्या आणि मधे एक चिमुकले गाव. ते काही केल्या शरण येत नाही, कारण गावच्या पुरोहिताजवळ शक्तीचा काढा आहे! आज चित्रपटांत आणि मोबाइलवरच्या खेळांत अशी राज्ये पैशाला पासरी झाली आहेत. एक स्वाभिमानी राष्ट्र, भोवती दुष्ट शेजाऱ्यांचा वेढा आणि शेवटी विजय. आम्हा तरुणांना हे आवडते यात नवल नाही. विशीच्या वयात प्रत्येकालाच आपण असे एक वेढलेले राष्ट्र आहोत असे वाटत असते.

मित्रहो, मावळात राहणाऱ्या आपणांस असे राष्ट्र कल्पनेने रचण्याची गरज नाही. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा. मळवलीच्या आसपास लोहगड आणि विसापूर दिसतात. त्यांच्यामागे पवन मावळात तुंग आणि तिकोना आहेत, आणि पाठीमागे बोरघाटावर नजर ठेवणारा राजमाची. खरोखरीचे स्वतंत्र राज्य इथे उभे राहिले आणि त्याला खरोखरीचे शेजारी होते. माझी तक्रार एवढीच आहे की, या खऱ्या राज्याचेही आपण हळूहळू आटपाट नगर करून टाकले आहे. त्यात आपल्या राज्याचा गौरव होतो असे आपल्याला वाटते. मला वाटते, त्यात त्याची खरी थोरवीच झाकली जाते.

प्रथम चतुःसीमा पाहू. सह्याद्रीच्या कड्यापासून देशाकडे उतरणाऱ्या नद्यांची जी खोरी, ती मावळे. प्रत्येक खोऱ्याला देशमुख, आणि दोन खोऱ्यांतल्या देशमुखांचे सहसा हाडवैर. पुण्याखालच्या बारा मावळांपैकी आंदर, नाणे आणि पवन ही आपल्या आजच्या तालुक्यात येतात, बाकीची दक्षिणेकडे. इथे स्वराज्य उभे राहत होते तेव्हा दक्षिणेला आणि पूर्वेला विजापूरची आदिलशाही होती. उत्तरेला मोगल, जुन्नर त्यांचे होतेच, १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणही घेतले, म्हणजे मोगल आपल्या अंगणात येऊन बसला. पश्चिमेला जंजिऱ्याचा सिद्दी, चौल, वसई आणि गोव्याला पोर्तुगीज, आणि १६६८ पासून मुंबईला इंग्रजांची कंपनी. यांतला कोणताही एक शेजारी नुसत्या खजिन्याच्या जोरावर या राज्याला विकत घेऊ शकला असता. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही कल्पित राष्ट्राला शोभेल अशीच आहे. फरक पडतो तो यापुढे.

आटपाट नगरात शत्रू हा कायमचा शत्रू असतो. खऱ्या राज्याला ही चैन परवडत नाही. १६५९ साली ज्या विजापूरने अफझलखान पाठवला, त्याच विजापूरला १६७९ साली मोगल सरदार दिलेरखानाने वेढले तेव्हा शिवाजी महाराजांनी मदत पाठवली. अवघ्या वीस वर्षांचे अंतर! इंग्रजांचे पाहा. १६६० साली राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. महाराजांनी दुसऱ्याच वर्षी राजापूर घेऊन त्यांना कैदेत टाकले. पुढे १६७४ साली त्याच कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिला आणि तहाची कलमे ठरवून गेला. १६७९ साली खांदेरीवरून पुन्हा लढाई जुंपली आणि थोड्याच महिन्यांत ती तहाने मिटली. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तर १६७७ साली उघड मैत्री झाली, आणि त्या मैत्रीच्या आधारावर कर्नाटकची मोहीम पार पडली. ज्याला सर्वांशी एकाच वेळी लढायचे नाही, त्याने कुणाशी केव्हा बोलायचे हे जाणलेच पाहिजे. हे जाणणे म्हणजे अभिमान सोडणे, असे त्या काळी कुणाला वाटले नसावे. आज मात्र आपल्याला तसे वाटते.

याचा पुरावा हवा असेल तर आपल्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम आठवा. शिवकालावरची एक तरी नाटिका असतेच. अफझलखान असतो, पावनखिंड असते, तानाजी असतो. पुरंदरचा तह मात्र नसतो. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी झालेल्या त्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. आपल्या खिडकीतून दिसणारे लोहगड आणि विसापूर त्या तेविसांत होते. तुंग आणि तिकोनाही होते. चार लाख होनांचा मुलूख गेला, बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. हा प्रसंग रंगभूमीवर आणायला आपण कचरतो, कारण त्यात टाळी कुठे घ्यायची ते कळत नाही. पण नीट विचार केला तर या प्रसंगाइतके नाट्य दुसऱ्या कोणत्या प्रसंगात आहे? पुरंदरावर मुरारबाजी पडलेला, मुलूख मोगली फौजेने तुडवलेला, आणि समोर वेळ फार थोडा. अशा वेळी तेवीस किल्ले द्यायचे ठरवणाऱ्या माणसाने कोणते बारा ठेवायचे हेही ठरवलेले असते. राजगड, तोरणा, रायगड हे राहिले. तह झाला, आग्रा झाले, परत आल्यावर १६६७ पासून दोन-अडीच वर्षे मोगलांशी सलोखा राखून राज्याची घडी बसवली गेली. मग १६७० साली गेलेले किल्ले एकामागून एक परत आले. त्यात आपला लोहगडही होता. तहाच्या दिवशी जो मान खाली घालून उठला असे दिसते, तो खरोखर पाच वर्षांनंतरचे पाहत होता. आटपाट नगराच्या राजाला पाच वर्षांनंतरचे पाहावे लागत नाही. त्याची गोष्ट तोवर संपलेली असते.

दुसरी गोष्ट. आटपाट नगरात तटाच्या आत सगळे एकदिलाचे असतात आणि दुष्टपणा सगळा तटाबाहेर असतो. खरे मावळ तसे नव्हते. अफझलखान येणार तेव्हा आदिलशहाची फर्माने मावळातल्या देशमुखांच्या घरोघर पोचली होती : खानाला सामील व्हा, नाही तर वतन जाईल. वतन जाईल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे सर्वस्व जाईल. रोहिडखोऱ्यातले कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. एकच खोरे, एकच नदी, एकच भाषा, एकच देव. आणि निवड मात्र दोन टोकांची. कान्होजींचा मोठेपणा आपल्याला पुरता कळायचा असेल तर खंडोजीही आपलाच होता हे आधी मान्य करावे लागेल. सगळे मावळे जन्मतःच निष्ठावंत होते असे म्हटले की, कान्होजींनी त्या दिवशी काय सोडले याची किंमत शून्य होते.

उलट बाजूही तितकीच खरी. तटाबाहेरच्या फौजेचा सेनापती मिर्झाराजा रजपूत होता, आणि तटाच्या आत सिद्दी हिलाल होता, नूरखान बेग होता, आरमारावर दौलतखान होता. कोण आपला आणि कोण परका हे नावावरून ठरत नव्हते, चाकरीवरून आणि इमानावरून ठरत होते.

आणि तटाच्या आतल्या शत्रूविषयी स्वतः राजाला काय वाटत होते? राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या आपल्याच लष्कराच्या अंमलदारांना धाडलेले एक प्रसिद्ध पत्र आहे. इतिहासाच्या वर्गातल्यांनी ते वाचले असेल. इतरांनी जरूर वाचावे. चारही बाजूंनी शत्रू असलेला राजा त्या पत्रात शत्रूविषयी जवळजवळ बोलतच नाही. तो वैरणीविषयी बोलतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर पुढे घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा ओढू लागाल. तसे झाले म्हणजे रयतेला मोगल बरे आणि तुम्ही वाईट असे वाटू लागेल, असे तो बजावतो. एवढ्यावर तो थांबत नाही. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असेही सांगतो. उंदीर! दिल्लीच्या पातशहाशी वैर घेतलेला राजा उंदराचा विचार करतो. मला या राजाविषयी जो अभिमान वाटतो तो या ओळी वाचून सर्वांत अधिक वाटतो. भवानीने तलवार दिली या कथेत राजाला श्रेय थोडेच उरते. ॲस्टेरिक्सच्या काढ्यासारखी ती तलवार कुणाच्याही हाती पडली असती तरी चालले असते. पण वातीचा आणि उंदराचा विचार कुणी देवी देत नाही. तो स्वतःलाच करावा लागतो.

तिसरी गोष्ट किमतीची. आटपाट नगराचा विजय फुकट असतो. आपल्या तालुक्याच्या गावी, वडगावला, मराठ्यांनी जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौजेला तह करायला लावला, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली ती सुमारे चार हजारांची फौज हजारो बैल घेऊन बोरघाट चढली, खंडाळ्यावरून कार्ल्याला आली. तिच्याबरोबर पेशव्यांच्याच घरातले रघुनाथराव होते; म्हणजे शत्रूला वाट दाखवणारा आपलाच. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तेव्हा तिथे काय होते? राख. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या बेतानुसार मराठ्यांनी दाणावैरण नाहीशी केली होती आणि गाव जाळून टाकले होते. वेळ आलीच तर पुणेही जाळायची तयारी ठेवली होती. पुढे जाता येईना, मागे रसद येईना. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात कोंडले गेले.

हा विजय महादजींच्या मुत्सद्देगिरीचा होता, मराठी घोडदळाचा होता. पण तळेगावच्या ज्या कुणब्याने, ज्या तेल्याने, ज्या विधवेने स्वतःचे घर जळताना पाहिले, तिचा वाटा या विजयात कुठे लिहिला आहे? पौष-माघाचे दिवस, खळ्यावर आलेले धान्य, थंडीचा कडाका. स्वाभिमानाचे बिल शेवटी अशा माणसांच्या नावावर फाटते. त्यांनी ते चुकवले म्हणून आपण आज वडगावचे नाव घेतो. इतके करूनही कंपनीने तो तह मानला नाही, युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललेच. म्हणजे विजयाचा नगारा वाजला तरी गोष्ट सुफळ संपूर्ण झाली नव्हती.

याच लढाईतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्ल्याला पडलेल्या त्या स्टुअर्टला मावळातल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. मानाजी शिंद्यांना जो किताब लोकांनी दिला, तोच शत्रूच्या कप्तानाला! वडगावात त्याचे स्मारक आजही आहे. ज्याने आपल्यावर चाल केली त्याच्या शौर्याला दाद देण्याइतके मन ज्या लोकांचे मोठे होते, त्या लोकांचा अभिमान पोकळ नव्हता. द्वेषावाचून अभिमान टिकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी वडगावला जाऊन यावे.

यावर माझे काही मित्र म्हणतील, आणि म्हणतातही : “हे सगळे खरे असेल, पण तह, फितुरी, जळालेली गावे सांगत बसलास तर पोरांच्या अंगावर रोमांच कसे येणार? राष्ट्राला थोडी दंतकथा लागतेच.” लागते, हे मला मान्य आहे. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांच्या कादंबऱ्या वाचून पारतंत्र्यातल्या पिढ्यांना बळ मिळाले, ते कोण नाकारील? पण दंतकथेने दिलेले बळ कशासाठी वापरायचे हे दंतकथा सांगत नाही. फक्त वेढलेपणाची सवय लागली की माणूस प्रत्येक शेजाऱ्यात खान पाहू लागतो, जो वेगळे बोलेल त्याला खंडोजी ठरवू लागतो, आणि गंजीतल्या उंदराकडे त्याचे लक्षच जात नाही.

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. आजचे मावळ पुन्हा वेढलेले आहे. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. वलवण, लोणावळा, शिरवता इथे अडवलेल्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईला वीज मिळाली. शेजारच्या मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. जमीन अखेर पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०११ मध्ये पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. शहरातल्या माणसाला तहान लागते, त्याला वीज हवी, रविवारी मोकळी हवा हवी, उतारवयात डोंगराकडे तोंड केलेला बंगला हवा. यात दुष्टपणा कुठला? तहान म्हणजे शत्रू नव्हे. पण तहानलेला शेजारी दाराशी आला म्हणजे घरात बसून आपले किती, द्यायचे किती आणि कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही ते कोणते, हा हिशेब आपण केलेला असला पाहिजे.

तो आपण केलेला आहे काय? गावोगाव सात-बाऱ्यावरची नावे बदलत आहेत. त्या जमिनी कुणी तलवारीच्या धाकाने घेतलेल्या नाहीत. आपण विकल्या. काहींनी गरजेपोटी, काहींनी मोटारीसाठी, काहींनी लग्नातल्या मांडवासाठी. गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचे चित्र आणि खिशात इसाराची पावती, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. मी कुणाला खंडोजी म्हणत नाही; गरज काय असते ते घरात शेती असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी इतकेच विचारतो की आपले बारा किल्ले कोणते? गावाचे गायरान? देवराई? ओढ्याकाठची भातखाचरे? पिण्याच्या पाण्याचा झरा? निदान त्यांची यादी तरी आपल्याजवळ आहे काय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला आणि त्यात लोहगड आला. आपल्या सर्वांना आनंद झाला. आता लोहगडावर जगभरची माणसे येतील आणि आपल्याला विचारतील, इथे काय घडले? त्यांना आपण आटपाट नगर सांगणार की मावळ?

माझ्या दोन सूचना आहेत. पुढच्या स्नेहसंमेलनात पुरंदरचा तह रंगभूमीवर यावा. लिहायला कुणी पुढे आले नाही तर मी लिहीन, आणि टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. दुसरी सूचना अशी की इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून प्रत्येक मावळकर विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या गावाचा एक कागद करून घ्यावा. पाणी कुठून येते, जंगल किती, गायरान किती, वीस वर्षांत काय गेले आणि काय उरले, एवढेच त्यात असावे. असे पन्नास कागद जमले तरी मावळच्या चतुःसीमा आपल्याला पहिल्यांदा कळतील.

आणि सहलीला लोहगडावर जाऊ तेव्हा आधी विसापूर चढू. विसापूर लोहगडाहून उंच आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि तो पडताच लोहगडावरची शिबंदी फार न लढता गड सोडून गेली. कारण शेजारच्या उंच डोंगरावर तोफा चढल्या म्हणजे खालच्या गडाचे दरवाजे कितीही भक्कम असले तरी निरुपयोगी होतात. लोहगडाचे ते देखणे दरवाजे जागच्या जागी आजही उभे आहेत. त्यांच्यापाशी उभे राहून छायाचित्रे सगळेच काढतात. विसापूरच्या तटावरून लोहगडाकडे बघितले म्हणजे ते दरवाजे किती खाली आहेत ते दिसते.